मॅडमना भीती वाटायची

“भ्या वाटतंय व्हय, मामा? मलाबी वाटतंय की. दोघंबी घाबरूया, पर हलायचं मातूर न्हाई.”

ऑपरेशनच्या टेबलावर जाग्या असलेल्या पेशंटच्या कानाशी वाकून मॅडम असं म्हणायच्या. शाहूपुरीतल्या त्यांच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून लागले, त्याच दिवशी हे ऐकलं. डॉक्टरनंच असं म्हटल्यावर पेशंटनं कुणाकडं बघायचं? पुढं कळलं, त्या खरंच सांगत होत्या. हातमोजे चढवण्याआधी त्यांचे तळवे बर्फासारखे गार असत. मायक्रोस्कोपला डोळे लावले की हात मात्र स्थिर.

मोतीबिंदू त्या पंधरा मिनिटांत काढत. डोळ्याच्या मागचा पडदा सुटलेला असला की दोन-दोन तास जात. “भिंतीचा कागद ओल लागून सुटतो, तसंच हे,” मला शिकवताना त्या म्हणाल्या, “फक्त हा कागद नवा मिळत नाही.” पडदा बसवून आत गॅसचा बुडबुडा सोडला की पेशंटला काही दिवस पालथं झोपावं लागे. त्या दिवसांत मॅडम स्वतः फोन करत. एक पैलवान गडी कुस्ती बघायला उठून बसलाय, असं त्याच्या बायकोनं सांगितलं. मॅडम इतक्या ओरडल्या की बाहेरच्या बाकावरचे लोक उठून उभे राहिले. “कुस्ती बघायला डोळा लागतोय! आधी पडदा चिकटू दे!”

कुठला डोळा करायचा, हे त्या प्रत्येकाला तीनदा विचारत. नृसिंहवाडीचा एक शेतकरी वैतागला, “आवो, तुमास्नी ठाव न्हाई व्हय?”

“ठाव हाय असं वाटतंय, त्याचंच भ्या हाय,” मॅडम म्हणाल्या आणि पुन्हा कागद बघितला.

मग माझ्या आईची पाळी आली. आई नेसरीला राहायची, आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबलेली. काचबिंदूनं तिचा उजवा डोळा केव्हाच गेला होता. डाव्यात मोतीबिंदू पिकून दगडासारखा झाला होता. मॅडमनी मला बाहेर थांबायला सांगितलं. मी ऐकलं नाही, हत्यारं द्यायला मीच उभी राहिले.

निम्मं काम झालं आणि मॅडमचा श्वास अडकल्याचं मला ऐकू आलं. भिंगामागची पातळ पिशवी फाटली होती. मोतीबिंदूचा एक तुकडा सरकून खाली, थेट पडद्याकडं गेला होता. आईला दुसरा डोळा नव्हता.

“सुजाता,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, “आता तासभर तू हिची लेक न्हाईस. पडद्याचं मशीन लाव.”

मी लावलं. आई मध्येच विचारत होती, “झालं का गं?” मॅडमच म्हणत होत्या, “होतंय, मावशी. हलू नका.” तो तुकडा पडद्याला धक्का न लागता बाहेर येईपर्यंत माझं अंग घामानं भिजलं होतं.

सकाळी पट्टी काढायच्या आधी मॅडम आईसमोर स्टूल घेऊन बसल्या. “मावशी, माझ्या हातनं पिशवी फाटली. दुरुस्त केलंय, पर किती दिसंल, ठाऊक न्हाई.”

आईनं पट्टीला हात लावला. मग म्हणाली, “काढा तर खरं.”

पट्टी निघाली. आईनं डोळा मिचकावला, पाणी गळलं. मी तिच्या खांद्याला धरून उभी होते. “जयभीम, मॅडम,” आई म्हणाली, “तुमी लईच बारीक हाईसा की वो. जेवता का न्हाई?” मॅडम उठल्या, बेसिनपाशी गेल्या आणि नळ सोडून पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

पुढं काही वर्षांनी, यादीत चार ऑपरेशनं असताना, त्या गाऊन घालून दारातच थांबल्या. “ही चौकट सरळ आहे का गं?”

“सरळ आहे, मॅडम.”

“मला वाकडी दिसतेय.” एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा. त्यांचा चेहरा पांढरा पडला. इतरांचे पडदे तपासण्यात आयुष्य गेलेलं. सरळ रेघ वाकडी दिसते म्हणजे पडद्याचा मधला भाग बिघडलाय, हे त्यांना तिथंच कळलं. गाऊन काढून त्या बाहेर गेल्या आणि चारही पेशंटच्या घरच्यांना म्हणाल्या, “आज मी करणार न्हाई. माझाच डोळा बिघडलाय.” पेशंटना दुसऱ्या डॉक्टरकडं पोचवायला रिक्षातनं स्वतः गेल्या. त्यानंतर त्यांनी हत्याराला हात लावला नाही.

डोळ्यात इंजेक्शनं झाली. आधी एका डोळ्याच्या मधोमध डाग धरला, मग दुसऱ्याच्या. मी अधूनमधून त्यांच्याकडं जाते. परवा गेले तेव्हा त्या खिडकीशी बसल्या होत्या. मान तिरकी करून माझ्याकडं बघायला लागल्या.

“तुझे कान दिसतायत, केस दिसतायत. तोंड कुठंय ते कळत नाही,” त्या म्हणाल्या. हात पुढं केला, तो गार होता. “बोलत राहा. काहीही बोल.”

मी बोलायला लागले. आईचं, नेसरीतल्या ओढ्याचं, बसमध्ये भेटलेल्या बाईचं. त्या माझ्या आवाजाकडं तोंड करून बसून राहिल्या, आणि मला थांबायचा धीर होईना.