याकोबमामांनी न मागितलेली क्षमा

चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचं ताट बाकावरून हातोहात पुढे यायचं. याकोबमामा ते दोन्ही हातांनी घ्यायचे, कपाळाला लावायचे आणि भाकरीचा तुकडा न उचलता माझ्याकडे द्यायचे. द्राक्षरसाचंही तेच. नऊ वर्षं मी त्यांच्या शेजारी बसलो. आधी वाटलं, मधुमेह असेल. पण उपासना संपली की हाच माणूस बाहेर चहात तीन चमचे साखर घालून घ्यायचा.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात ते माग दुरुस्त करायचे. कुठला माग बिघडलाय, हे नुसत्या आवाजावरून सांगायचे. रविवारी कुंभारीहून सायकल मारत चर्चला यायचे आणि मुलांना उधळ्या पुत्राची गोष्ट सांगायचे. बाप धावत जाऊन परत आलेल्या पोराच्या गळ्यात पडतो, इथवर आले की मात्र "फुडचं मास्तर सांगतील" म्हणून उठायचे. मास्तर म्हणजे मी, रविवारच्या शाळेत मुलांना शिकवणारा. कामचुकार म्हातारा, असं मनात म्हणत मी गोष्ट पुरी करायचो. आज त्याची लाज वाटते.

एकदा न राहवून विचारलंच, "मामा, तुम्ही प्रभुभोजन का घेत नाही?"

"माझा पोरगा व्हता, शामू. तुमी हितं यायच्या आदीची गोष्ट. लई प्यायचा, म्हनून घराभाईर काढला. एकदा भर दुपारी दारात आला, शुद्धीवर व्हता. म्हनला, अप्पा, चुकलो, आत घ्या. मी म्हनलो, आदी सुधर, मग उंबरा चढ. मंडळीत तोंड दाखवायचं व्हतं की मला! तिसऱ्या दिवशी मंद्रूपकडं विहिरीत गावला. त्यानंच उडी घेतली."

सांत्वनाला आलेल्या एका वडीलधाऱ्याने तेव्हा सुनावलं होतं, की आत्मघात करणाऱ्याला पश्चात्तापाची सवड मिळत नाही, त्याची जागा नरकातच. बोलणारा बोलून गेला. मामांनी ते काळजात पुरून ठेवलं.

मी माझ्या परीने समजावलं. पडता पडता शामूने देवाला हाक मारली नसेल कशावरून? प्रभूच्या शेजारी वधस्तंभावर चढवलेल्या चोराला शेवटच्या घटकेलाच क्षमा मिळाली ना? तुम्हालाही मिळेल, मामा, क्षमा मागून प्रभुभोजन घ्या तर खरं.

"मिळंल की. तीच तर भीती हाय," मामा म्हणाले. "मागितली तर तो देनार. मग मी वर, नि माझं लेकरू तितं आगीत. एकदा त्याला दाराभाईर ठेवलं, मास्तर. पुन्ना न्हाय ठेवनार. देवानं निवड मानसाच्या हातात दिलीय न्हवं? मी निवडलंय. शामू जितं, तितं मी."



गेल्या उन्हाळ्यात मामांची छाती भरली. आयुष्यभर नाकातोंडात गेलेली सुताची धूळ होती ती. चर्चचे पाळक दवाखान्यात भाकर आणि द्राक्षरस घेऊन आले. मामांनी ओठ घट्ट मिटले. त्यांची बायको, मार्थामामी, नेमाने प्रभुभोजन घेणारी. तिने त्यांचा हात धरला.

"घ्या की वो. तुमी बापलेक तिकडं गेल्यावर मी एकटी वर काय करू?"

मामांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "तू जा गं," ते कसेबसे म्हणाले, "पर त्याच्यापाशी कुनीतरी पायजे."

पाळक ताट झाकून परत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा वारले.

दफनाच्या वेळी पाळक म्हणाले, "देव सगळ्यांना बोलावतो, पण कुणाला ओढून नेत नाही." मीही मुलांना हेच शिकवत आलो आहे. मूठभर माती टाकताना मात्र माझा संयम सुटला आणि मी मोठ्यानेच बोललो, "देवा, या म्हाताऱ्याचं ऐकू नकोस. ओढून ने. दोघांनाही ओढून ने."

मामीने माझी बाही धरली. "मास्तर, तुमचं ऐकंल व्हय देव?"