खाली बर्फ आहे

श्रीनाथचा दिवस पहाटे तीनला सुरू व्हायचा. वसंतात ऊन चढलं की डोंगरावरचा बर्फ भुसभुशीत होतो, पाय मांडीपर्यंत आत जातो. त्याआधी मोजणी उरकावी लागते. आमचा रोपवे त्या वेळी बंद असे. मी तिथे वंगणकाम करायचो. दातेरी टोकाची ॲल्युमिनियमची नळी खांद्यावर घेऊन तो पायी चढायचा.

ही नळी बर्फात रेटायची, पिळत पिळत जमिनीपर्यंत न्यायची, उपसून काट्याला टांगायची. वितळल्यावर किती पाणी येणार ते वजनावरून कळतं. नळीच्या टोकाला माती लागली असेल तरच माप खरं.

नोकरी ओढ्याच्या पाण्याचा अंदाज देणाऱ्या कंपनीत, दर हिवाळ्यापुरती हंगामी होती. ती कायम झाली की बायको, तनया, लेकीला घेऊन एर्लांगेन या जर्मन शहरातून इकडे राहायला येणार होती. त्या भरवशावर त्याने डोंगराखालच्या गावात घर भाड्याने घेतलं.

"आईला काय सांगू, जावई बर्फ जोखतो?" तनया फोनवर म्हणायची. "तिला वाटतं तू मासळीबाजारात आहेस."

"कॉन्ट्रॅक्ट उनबेफ्रिस्टेट, कायमचं होऊ दे, मग तिलाही घेऊन ये."

एप्रिलमध्ये एका सकाळी नळी अर्ध्यावरच अडली. आत दगडासारखा थर गोठला होता. त्याने बराच जोर लावला, हातमोजा फाटला, थर फुटेना. ढग उतरायला लागले. त्याने ऑफिसात उत्कर्षला फोन लावला. आलेले आकडे भरण्याचं काम उत्कर्षकडे होतं. तो पुण्याचा, त्यामुळे दोघं मराठीतच बोलत.

"काट्यावरचा आकडा घे. पण खाली बर्फच आहे, माती नाही."

"गेनाऊ, बरोबर! उतर आता, नाहीतर तुलाच उकरून काढावं लागेल."

उत्कर्षला वाटलं, हा म्हणतोय की उतारावर अजून कुठे माती उघडी पडलेली नाही. त्याने तो आकडा पूर्ण माप म्हणून भरला. थराखालचा बर्फ हिशेबात आलाच नाही. मग उबदार पाऊस लागला, कोणाला वर जाता आलं नाही. ओढ्याला अंदाजाच्या कितीतरी वर पाणी आलं आणि गावातली लाकडाची वखार चिखलात बुडाली.

कंपनीने दोघांना बोलावलं.

"तू बर्फ म्हणालास," उत्कर्ष म्हणाला.

"बर्फच होता."

"अरे, मग जर्मनमध्ये आइस म्हण ना, गोठलेला थर! मी श्ने समजलो, भुसभुशीत बर्फ."

"माती नाही, हेही सांगितलं होतं."

साहेबांनी दोघांना थांबवलं. कामाचं बोलणं जर्मनमध्येच करायचं, असा नियम होता. फोन श्रीनाथने लावला होता, म्हणून नियम त्याने मोडला असं ठरलं. उत्कर्ष राहिला. श्रीनाथचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही.

तनया आली नाही. घर सोडावं लागलं. इथे घरं रिकामी मिळतात. ओटा, कपाटं, शेगडी, सगळं भाडेकरूने बसवायचं. त्याने तनयाच्या उंचीचा ओटा करून घेतला होता. एर्लांगेनच्या घरात तो मावेना. मी म्हटलं, उतरवून देतो, विकून टाक.

"राहू द्या, काका."

नव्या भाडेकरणीने तो फुकटात ठेवून घेतला. ती ठेंगणी, त्यापुढे पाट ठेवून उभी राहते. श्रीनाथची सगळ्या हिवाळ्यांची मजुरी त्या ओट्यात गेली.