रोनाल्डच्या वाटणीचं पाणी

गोराईत कॉन्सेप्टाला ओळखत नाही असा माणूस भेटला, तर खुशाल समजावं की तो बीचवर पिकनिकला आलाय. जन्मभर तिनं वाडीतली भेंडी, वाल, मुळा पाटीत भरून खाडीपलीकडे बोरिवलीच्या बाजारात विकला. आता पाटी सुटली, लुगडं जाऊन गाऊन आला, पण चाल तीच राहिली. म्हातारी निघाली की अंगणातल्या कोंबड्या आपणहून बाजूला व्हायच्या. जीभ तर विचारूच नका. मासळी शिळी निघाली तर विकणारीच्या आजीपर्यंतचा उद्धार व्हायचा.

दुपारी मात्र हीच बाई निराळी व्हायची. ओटीवरच्या आरामखुर्चीत टेकली, खाडीवरून खारा वारा आला, की तिचे डोळे अर्धे मिटायचे आणि ती कुठल्या कुठे निघून जायची. घरातले म्हणायचे, डुलकी लागली. डुलकी कसली! ती जेट्टीवर उभी असायची. ऊन पातळ, पाणी दुधासारखं, आणि खाडीच्या मधोमध एक होडी थांबलेली. होडीत तिचा नवरा, रोनाल्ड. पाठमोरा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

रोनाल्ड गेला तो होडीतच. एकदा हृदयाचा झटका येऊन गेला होता, तेव्हा डॉक्टरांनी त्याला कोलेस्टेरॉलची गोळी लावून दिली होती. रोज घ्यायची, बंद करायची नाही. थोडे महिने घेतली. मग "मला कुठे काय होतंय? उगाच पोटात केमिकल!" असं म्हणून गड्यानं गोळ्या भिरकावल्या. आता कोलेस्टेरॉल ही चीजच मेली मुखदुर्बळ. ताप नाही, खोकला नाही, दुखत नाही, खुपत नाही. रक्ताच्या नळ्यांत मुकाट बसून राहते. दुसरा झटका आला तेव्हा त्याला होडीत घालून बोरिवलीला न्यायला निघाले. मध्यावर तो "पाणी, पाणी" करायला लागला. घाईगडबडीत कुणी बाटली घेतली नव्हती. पलीकडचा धक्का यायच्या आत तो गेला, कॉन्सेप्टाच्या मांडीवर, तहानलेलाच.

म्हणून पुढे जेव्हा तिचंही कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं आणि बोरिवलीच्या डॉक्टर शर्मिष्ठांनी तिला तशीच गोळी लिहून दिली, तेव्हा तिनं लगेच हात पुढे केला. डॉक्टरबाई समजावून सांगणाऱ्या होत्या. "आंटी, ही मनानं बंद करायची नाही. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे गेलात तर ही चालू आहे म्हणून सांगायचं. बहुतेकांना हिचा काही त्रास होत नाही. पण मांड्या, खांदे उगाचच दुखायला लागले, अशक्तपणा आला, लघवी काळपट झाली, तर लगेच मला फोन. चालढकल नाही." कॉन्सेप्टा हो हो म्हणाली. बंद करायची नाही, एवढं तिनं काळजावर कोरून घेतलं. बाकीचं फेरीबोटीत विसरून आली.

संध्याकाळी देवळाची घंटा झाली की ती घरातल्या अल्तारापुढे, म्हणजे येशू-मारियेच्या देव्हाऱ्यापुढे मेणबत्ती लावायची. जपमाळ ओढत रोझरी म्हणायची, शेजारच्या फोटोतल्या रोनाल्डकडे एकदा बघायची, आणि गोळी घ्यायची. असं करता करता ती गोळी औषध राहिलीच नाही, प्रार्थनेतच जमा झाली. लेन्टच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासाच्या, शेवटच्या आठवड्यांत तिला खोकला धरला आणि ती जवळच्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, "काही औषध चालू आहे का?" तर ही बाई ठासून म्हणाली, "छे! मला काय झालंय?" खोटं बोलली नाही हो. तिला खरंच आठवलं नाही. त्यानं अँटिबायोटिक लिहून दिलं. खोकला चार दिवसांत पळाला. पण त्या औषधानं तिच्या रोजच्या गोळीचा अंमल अंगात भलताच वाढवून ठेवला, आणि मांड्या दुखायला लागल्या.

आधी जिना चढताना. मग खुर्चीतून उठताना. मग केस विंचरायला हात वर नेताना. दुसरं कुणी असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. पण लेन्ट चालू होता. या दिवसांत घरात मटण शिजत नाही, कुणी दारू सोडतो, कुणी सिगारेट, आणि जुन्या बायका तर आपलं दुखणंखुपणंही देवाला देऊन टाकतात, गेलेल्या माणसाच्या नावानं, स्वर्गाच्या अलीकडे शुद्धिस्थानात अडकलेला त्याचा आत्मा पुढे सरकावा म्हणून. कॉन्सेप्टाची आई तशी करायची, सासू तशी करायची. कॉन्सेप्टानं मांडीतली कळ घट्ट धरली आणि मनात म्हणाली, ही रोनाल्डला.

आणि काय सांगू, त्या दुपारी होडी हलली! अर्ध्या मिटल्या डोळ्यांना तिला स्पष्ट दिसलं. होडी थोडी किनाऱ्याकडे सरकली. दुसऱ्या दिवशी आणखी थोडी. पाय जितके जड, तितकी होडी हलकी. ती ओटीवर बसल्या बसल्या हसायची. सूनबाई बघून घाबरायची.

ग्लेनरॉय, तिचा मुलगा, एकदा म्हणाला, "मम्मी, तू लंगडतेस ना?"

"वय झालं रे. तुला काय वाटलं, मी नाचू?"

खरं तर नाचायचंच होतं तिला. ईस्टरनंतर नातीचं, ॲमांडाचं लग्न होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणायचं असतं. बँड वाजवत सगळा मेळा विहिरीवर जातो, आणि त्या पाण्यानं नवरीची आंघोळ होते. या घरात पहिली कळशी थोरल्या बाईनं स्वतः डोक्यावरून आणायची रीत. ॲमांडा लहानपणापासून म्हणायची, "माझं पाणी नॅनाच आणणार." नॅना म्हणजे आजी. ते पाणी आणायचं, तर पाय हवेत. आणि पाय तर ती रोज संध्याकाळी देऊन टाकत होती. दोन्ही गोष्टी एकत्र बसत नव्हत्या हे तिला कळत होतं, पण होडी किनाऱ्याला लागत आली होती, आता कसं थांबायचं?

गुड फ्रायडेला सकाळी लघवी काळ्या चहासारखी झाली. उन्हानं झालं असेल, तिनं स्वतःला सांगितलं. उपास होता, तिनं पाणीसुद्धा सोडलं होतं, तेही रोनाल्डला. दुपारी देवळात क्रूसाच्या वाटेची प्रार्थना सुरू झाली, येशूच्या शेवटच्या वाटचालीचे चौदा थांबे. प्रत्येक थांब्यावर सगळे गुडघे टेकत होते, उठत होते. येशू क्रूसावर प्राण सोडतो त्या थांब्यावर कॉन्सेप्टानं गुडघे टेकले आणि ती उठलीच नाही. डोळ्यांपुढे पांढरंशुभ्र पाणी पसरलं होतं. होडी आता हातभर लांब होती.

"नॅना, ऊठ ना. नॅना!" ॲमांडानं तिला काखेत धरून उचलायला बघितलं. "काय होतंय, खरं सांग."

"पाय नाहीत गं मला," कॉन्सेप्टा पुटपुटली. आणि ॲमांडानं खोदखोदून विचारल्यावर काळ्या लघवीचंही सांगून बसली.

पोरीनं पुढचं काही ऐकून घेतलं नाही. आजीला रिक्षात घातलं, बोटीत घातलं, बोरिवलीला नेलं. बोटीत स्वतःच्या बाटलीतलं पाणी तिच्या तोंडाला लावलं, तर म्हातारीनं दात आवळले. "लग्न करायचंय मला!" ॲमांडा भर बोटीत ओरडली. "तुझ्या मयताला काळे कपडे घालायचे नाहीयेत! पी!" कॉन्सेप्टा प्यायली.

रक्त तपासलं तेव्हा स्नायू झिजून त्यातला कचरा मूत्रपिंडांवर येत होता. डॉक्टर शर्मिष्ठांनी ग्लेनरॉयनं घरून आणलेली दोन्ही गोळ्यांची पाकिटं बघितली आणि कपाळाला हात लावला. "आंटी, दुखत होतं आणि तुम्ही गप्प बसलात? का?"

"मी ते दिलं होतं," कॉन्सेप्टा म्हणाली.

"कुणाला?"

तिनं सांगितलं. डॉक्टरबाईंनी हातातली पाकिटं खाली ठेवली. मग खुर्ची ओढून जवळ बसल्या. "आणखी दोन दिवस गप्प राहिला असतात तर मूत्रपिंडं गेली असती. त्यांनी मागितली होती का तुमच्याकडे?"

सलाईन चालू झालं, थेंब थेंब. कॉन्सेप्टाचे डोळे मिटले. जेट्टी आली, ऊन आलं, होडी आली. रोनाल्ड इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे वळला. तिला वाटलं, आता विचारेल, थांबलीस का गं? त्यानं तसलं काहीच विचारलं नाही. ओठ कोरडे पडलेले, नेहमीचा वैतागलेला चेहरा. "पाणी आण ना, कॉन्सेप्टा," तो म्हणाला. "किती उशीर करतेस." ती जागी झाली ती हमसून हमसून रडतच. एवढे दिवस ती त्याला दुखणं पाजत होती, आणि बिचारा पाणीच मागत होता.

मूत्रपिंडं वाचली. घरी आल्यावर ग्लेनरॉयनं फर्मान काढलं, "त्या गोळ्यांचं नाव नको या घरात. डॅडी न घेता गेला, मम्मी घेऊन जात होती. वाट लागली सगळी!" डॉक्टरबाईंनी फोनवर त्यालाही सोडलं नाही. तुमच्या डॅडींनी न विचारता बंद केली, मम्मीनं न सांगता सोसलं, आणि आता तुम्हीही न विचारता निकाल लावताय, असं म्हणाल्या. वर बजावलं, कोलेस्टेरॉल अजून तिथेच आहे. गोळी सध्या थांबवलीय. रिपोर्ट पूर्ण ठीक आला की दुसऱ्या जातीची, कमी ताकदीची देऊ, रक्त तपासत राहू.

रिपोर्ट ठीक आला. नवीन गोळ्या आल्या. कॉन्सेप्टानं पाकीट अल्तारावर ठेवलं आणि तसंच राहू दिलं. घंटा व्हायची, रोझरी व्हायची, हात पाकिटाकडे जायचा आणि परत यायचा. भीती होतीच, खोटं कशाला बोला. पण त्याहून मोठं म्हणजे पाय दुखायचे थांबले होते, आणि रोनाल्डला द्यायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं. दुपारी डोळे मिटले तरी होडी दिसेना. रिकामी जेट्टी आणि नुसतं पाणी.

लग्नाच्या आदल्या दिवशी बँड वाजायला लागला. कॉन्सेप्टानं ठेवणीतलं लाल लुगडं नेसलं, आणि जुन्या चालीनं निघाली. ॲमांडा दारातून बघत होती, ओठ चावत. विहिरीवर बायका गाणी म्हणत होत्या, पोरं नाचत होती. कळशी भरून डोक्यावर चढली आणि कॉन्सेप्टा मांडीतल्या कळेची वाट बघत क्षणभर उभी राहिली. कळ आली नाही. पाय आपले पाय होते, बाजाराला जायचे तेव्हाचे. तिनं पाऊल टाकलं. कळशीतलं पाणी डुचमळून गालावर ओघळलं, त्यात डोळ्यांतलं मिसळलं, आणि बँडवाल्यांनी तेवढ्यात आवाज असा काही वाढवला की रडतेय की हसतेय हे कुणाला विचारताही आलं नाही.

दारात ॲमांडानं कळशी उतरवून घेतली. "झकास, नॅना!" म्हणून गळ्यात पडली.

"हो, हो. आधी पेला आण एक."

संध्याकाळची घंटा झाली. घर पाहुण्यांनी भरलेलं, अंगणात कोंबडीचं भुजिंग शिजत होतं. कॉन्सेप्टानं मेणबत्ती लावली. विहिरीच्या पाण्याचा पेला फोटोपुढे ठेवला, मग पाकीट फोडून गोळी तळहातावर घेतली.

"हे तुझं पाणी, रोनाल्ड. तेव्हाचं राहिलेलं," ती म्हणाली. "आणि ही तू टाकून दिलेली गोळी. तू काही घेणार नाहीस, हट्टी मेल्या. मीच घेते, तुझ्या नावानं. दुखणं नाही मिळायचं आता माझ्याकडून, रोज एवढंच मिळेल."

गोळी जिभेवर ठेवून तिनं पेला उचलला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

"आणि पाय दुखले," पदरानं तोंड पुसत तिनं फोटोला बजावलं, "तर तुला नाही सांगणार. डॉक्टरबाईला सांगणार."