खात नाही, लावते

“तंबाखू खाता का?” दवाखान्यातल्या नर्सने मामीला विचारलं.

“नाही गं बाई, आपल्याला नाही तसली सवय,” मामी ठसक्यात म्हणाली. फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं गेलं. शेजारी बसून मीही मान डोलावली.

मामीच्या गालाच्या आत पांढरा चट्टा आलाय, म्हणून मी तिला घेऊन आले होते. नर्स गेल्यावर माझं लक्ष मामीच्या तर्जनीकडे गेलं. तिचं टोक काळंच पडलंय. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिशरी ती त्याच बोटाने रोज सकाळी दातांना लावते. लग्न होऊन आली तेव्हापासून. पण ती ‘लावते’. तंबाखू खातात ती बिघडलेली माणसं, मामासारखी.

खाणं आणि लावणं यातला फरक आपण केला, तो पेशीला कोण सांगणार? तंबाखूतली रसायनं तिथे डीएनएला जाऊन चिकटतात. पेशी त्याची नक्कल काढू लागली की नेमकं तिथलं अक्षर चुकतं. बऱ्याच चुका पेशी स्वतःच दुरुस्त करते. एखादी राहते, आणि पुढच्या प्रत्येक नकलेत उतरत जाते.

डॉक्टरांनी तोंड तपासलं, मग बोट पाहिलं. “मिशरी?”

“ती लावते की!” मामी माझ्याकडे बोट करत म्हणाली. “ही सुट्टीत आली की हीच भाजून द्यायची. हिच्या हातची छान काळी व्हायची.”

डॉक्टर माझ्याकडे वळले. “तुम्ही काय करता?”

“कॉलेजात जीवशास्त्र शिकवते,” मी म्हणाले.