फुकटरावांनी न विचारता बदललेली सिस्टीम

त्यांना फुकटराव हे नाव मी ठेवलं, आणि त्याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही. माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. मधली भिंत प्लायवूडची. त्यामुळे गेल्या बारा वर्षांतलं त्यांचं प्रत्येक गिऱ्हाईक मी बसल्या जागी ऐकलेलं आहे. कुणीतरी रडतखडत चालणारा जुना कॉम्प्युटर घेऊन यायचं, आणि हे सुरू व्हायचे, "नवा कशाला घेताय? यात लिनक्स नावाची सिस्टीम टाकून देतो, पळायला लागेल बघा. आणि फुकट आहे हो!"

फुकट म्हटलं की गिऱ्हाईक एक पाऊल मागं. जगात फुकट ते पौष्टिक म्हणतात, पण या एका वस्तूला ते लागू नाही. कॉम्प्युटरच्या आत जी सिस्टीम चालते ती फुकट कशी मिळेल, नक्कीच काहीतरी खोट असणार, असं लोकांना वाटतं. आणि जे धीर करून घरी न्यायचे ते आठवड्यात परत. दातांच्या डॉक्टरीणबाईंचं एक्स-रे मशीन त्या सिस्टीमला ओळखच दाखवेना. गाण्याच्या बाईंचा प्रिंटर कोरे कागद काढायला लागला. बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांचं तर काहीच बिघडलं नव्हतं. तरी आले.

"सगळं छान आहे हो," काका म्हणाले. "पण अडलं तर विचारायचं कुणाला?"

"मला विचारा ना."

"तुमचं दुकान बंद असलं तर? नेहमीच्या सिस्टीमचं बरं असतं. जावई सांगतो, शेजारी सांगतो, शेजाऱ्याची नातसुद्धा सांगते."

घोडं पेंड खायचं ते इथंच. माणूस सिस्टीम निवडून घेतो कुठं? खोक्यातून जी निघेल ती त्याची. शेजाऱ्याच्या खोक्यातूनही तीच निघते, म्हणून ती चांगली. मी हे फुकटरावांना कितीदा तरी सांगितलं. पण ते उंटावरचे शहाणे. लोकांना कळत नाही, एवढंच त्यांचं उत्तर. माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरही त्यांचा डोळा होता. मी स्वच्छ सांगितलं, "माझ्या मशीनला हात लावलात तर भिंतीला भोक पाडून तिकडं येईन."

मग त्यांना एक युक्ती सुचली, आणि त्यांचं सगळं चुकलं ते तिथून. त्यांनी नव्या सिस्टीमला जुनीचे कपडे घातले. तेच निळं चित्र, कोपऱ्यात तेच बटण, चिन्हं त्याच जागी, त्याच नावांनी. गिऱ्हाइकाला सांगायचं, "साफ करून दिलाय." बस्स. गिऱ्हाईक खूश. वर्षभरात आमच्या गल्लीत अकरा कॉम्प्युटर असे झाले आणि एकानंही तक्रार केली नाही. मला तेवढं त्यांनी विश्वासात घेतलं होतं. अळीमिळी गुपचिळी. ते म्हणायचे, "बघा ताई, नाव सांगितलं की आवडत नाही, नाही सांगितलं की आवडतं!" मी हसले होते. हसायला नको होतं, हे आता कळतं.

बारावा कॉम्प्युटर त्यांच्या बायकोचा. वहिनी घरी बसून टायपिंगची कामं करायच्या. शाळांच्या प्रश्नपत्रिका, कुणाचे प्रबंध. बोटं अशी चालायची की बघत राहावं. त्यांचा कॉम्प्युटर अगदी मोडीत निघाला होता. यांनी एका दुपारी त्यात आपली सिस्टीम टाकली, वर जुने कपडे चढवले आणि म्हणाले, "धूळ काढली." वहिनी महिनाभर मला कौतुक सांगत होत्या, "यांनी काय हात फिरवला हो, नव्यासारखा चालतोय."

"अहो, सांगून टाका त्यांना," मी म्हटलं.

"सांगणार आहे. सहा महिने होऊ द्या. मग म्हणेन, बघ, तू अर्धं वर्ष लिनक्स वापरलंस. घरात तरी एक माणूस माझ्या बाजूला येईल."

तेवढ्यात ती जाहिरात आली. सरकारी शाळेच्या ऑफिसात लिपिकाची कायमची जागा. वहिनींचं वय अटीत जेमतेम बसत होतं, पुढच्या वर्षी फॉर्मच भरता आला नसता. पंधरा वर्षं दुसऱ्यांचं टाईप करून झाल्यावर आपली खुर्ची, आपलं टेबल, एवढंच त्यांना हवं होतं. दोन महिने त्यांनी अभ्यास केला, भाजी चिरतानाही पुस्तक समोर. परीक्षा घरूनच, कॉम्प्युटरवर, कॅमेऱ्यासमोर, दहा ते साडेअकरा. सूचनांच्या कागदावर स्पष्ट छापलं होतं की परीक्षेचा प्रोग्रॅम नेहमीच्या सिस्टीमवरच चालेल. तो कागद माझ्याकडेच झेरॉक्सला आला होता.

आदल्या संध्याकाळी वहिनी त्यांच्या दुकानात आल्या. भिंतीतून शब्दन् शब्द ऐकू आला.

"आपल्याकडे तीच आहे ना हो, यात लिहिलीय ती?"

पेचकस टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग फुकटराव म्हणाले, "चालतं गं सगळं. तू अभ्यास कर."

मी भिंत वाजवायला हात उचलला होता. पण म्हटलं, नवराबायकोच्या मध्ये कशाला पडा, आणि त्यांना जास्त कळतं. मीही मूग गिळून बसले. नंतर फुकटरावांनी मला सांगितलं की त्यांना खरंच वाटलं होतं, इंटरनेटवरची परीक्षा आहे, ब्राउझरमध्ये उघडेल. उघडलीही. पण सकाळी दहाला पडद्यावर आलं, आता हा प्रोग्रॅम उतरवून घ्या. आणि तो प्रोग्रॅम काही केल्या बसेना.

दहा वाजून सात मिनिटांनी फुकटराव चप्पल न घालता माझ्या दुकानात. "ताई, तुमचं मशीन द्या, माझ्या दुकानात चालेलसं एकही नाही." मागून वहिनी, हातात ओळखपत्र.

"काय झालंय ते तरी सांगा!" वहिनी म्हणत होत्या. "कालपर्यंत चालत होता ना?"

"तुझ्या कॉम्प्युटरवर ती सिस्टीम नाहीये. तीन महिन्यांपासून नाहीये."

वहिनींनी त्यांच्याकडे फक्त एकदा बघितलं. मग माझ्या खुर्चीत बसल्या.

माझ्या कॉम्प्युटरला कॅमेरा नव्हता. फुकटराव पळत जाऊन घेऊन आले, जोडला. प्रोग्रॅम उतरायला वेळ, चेहरा ओळखायला वेळ. मागं दुसरं माणूस दिसलं तर परीक्षा रद्द, म्हणून मी बाहेर जाऊन शटर अर्धं ओढलं. एक माणूस ओळखपत्राच्या दोन कॉप्या हव्यात म्हणून भांडायला लागला. मी त्याचा हात धरून त्याला कोपऱ्यापर्यंत नेलं. फुकटराव पायरीवर बसले होते, अनवाणी. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांची दयाही येत होती, दोन्ही सारखंच.

प्रश्न सुरू झाले तेव्हा दहा बत्तीस झाले होते. गेलेली मिनिटं कुणी परत देत नाही. शंभरातले सव्वीस प्रश्न वहिनींना उघडताच आले नाहीत. उघडले त्यातले बहुतेक सगळे बरोबर होते.

महिन्यानं यादी लागली. वहिनी ती बघायला माझ्याकडेच आल्या, घरचा कॉम्प्युटर तोपर्यंत त्यांनी कपाटावर ठेवून दिला होता. मी छापून हातात दिली. चार गुणांनी गेलं. मी पंखा मोठा केला, दुसरं काय करणार? आमचा आवाज ऐकून फुकटराव पलीकडून आले आणि दारातच थांबले.

"आजच नेहमीची टाकून देतो," ते म्हणाले. "मी परत कधी..."

"कशाला?" वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "तुमची ती सिस्टीम चांगली आहे. माझं काम तिच्यावर भराभर व्हायचं. तुम्ही म्हणाला असतात ना, माझ्यासाठी वापरून बघ, तर मी हो म्हटलं असतं. न शिकता येण्यासारखं काय होतं त्यात? परीक्षेपुरता कुणाचा तरी कॉम्प्युटर मागून आणला असता."

फुकटरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. बारा वर्षं हा माणूस समोरच्याच्या तोंडून हो ऐकायला तरसला होता, ते मला ठाऊक होतं.

"मग आता विचारतो," ते म्हणाले. "वापरशील?"

वहिनींनी यादीची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि पायात चपला सरकवल्या.

"आता नका विचारू," त्या म्हणाल्या आणि घरी गेल्या.