चिंचवड-भोसरी लाइन

दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलायला लागले की त्यांच्या गप्पांपेक्षा त्यांना बोलतं करणाऱ्यांचेच किस्से जास्त साठतात. आमच्या सेक्शनमधली दोन माणसं आजही भेटली, की चहा गार होतो.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. आमचं मशीन चिंचवडच्या कारखान्यात, दुसरं भोसरीच्या. मधे टेलिफोन खात्याकडून भाड्यानं घेतलेली लाइन. प्रत्येक प्रोग्रॅममध्ये लाइन हाताळायचा वेगळा खटाटोप नको, म्हणून आमचे सीनियर वैद्य आणि मी ऑपरेटिंग सिस्टिमलाच चार कमांड शिकवत होतो: उघड, पाठव, घे, बंद कर. भोसरीला निर्मला पाटणकर तेच करत होती.

*

पहिल्यांदा 'घे' चालवली आणि आमचं मशीन गप्प! भोसरीहून काही येईपर्यंत ते दुसरं कुठलंच काम करेना. प्रिंटर थांबला, मॅनेजर धावत आले. वैद्य म्हणाले, "पाहुणा आल्याशिवाय पानं वाढणार नाही म्हणतंय." मग वाट किती वेळ बघायची, हे 'घे'ला सांगायची सोय केली.

*

'पाठव'चं उलटं. ती लगेच 'झालं' म्हणायची, भोसरीला मात्र काहीच नाही. मी फोनवर निर्मलाशी वाद घातला, की मशीन स्वतः सांगतंय, पाठवलं. ती शांतपणे म्हणाली, "पेटीत टाकलं म्हणजे पोचलं का हो?"

तेव्हापासून आम्ही तिकडून पोच मागायला लागलो.

*

एकदा पाचशे बोल्टांची मागणी पाठवली. लाइनवर तिचे तुकडे झाले: पाचाचा आकडा एका तुकड्यात, पुढची दोन शून्यं दुसऱ्यात. भोसरीच्या 'घे'नं पहिला तुकडा उचलला आणि तोच पूर्ण निरोप समजला. टेम्पोतून पाच बोल्ट आले, सोबत रीतसर चलन. ड्रायव्हरनं विचारलं, "साहेब, उतरवायला माणसं बोलवू का?"

*

आणि हा शेवटचा किस्सा. माणूस वाचला, हे आधीच सांगून टाकतो.

भोसरीला एका कामगाराचा हात प्रेसमध्ये सापडला. त्याला पिंपरीच्या दवाखान्यात नेलं. रक्त हवं होतं आणि त्याचा गट सहज न मिळणारा. भोसरीचे फोन सकाळपासून बंद. आमची लाइन तेवढी चालू होती, पण तिच्यावरून फक्त मालाची मागणी जायची: मालाचं नाव आणि नग. निर्मलानं तेच भरलं.

आमच्या प्रिंटरवर ओळ उमटली. स्टोअरचे जगताप कागद फाडून घेऊन आले आणि गोंधळून वाचायला लागले, "रक्त, बी निगेटिव्ह, पिंपरी दवाखाना. नग दोन. हा माल आपल्या स्टॉकमध्ये आहे का हो?"

वैद्य उठले. शर्टाची बाही वर सारत म्हणाले,

"एक नग आहे. दुसरा शोधा."