फ्रिजची ओळ

लाँड्रीत सगळे तिला थोरलीच म्हणायचे. घरात दोन जावा, त्यातली ही मोठी. धाकटी एकदा डबा द्यायला आली आणि दारातूनच ओरडली, "आमच्या थोरल्या जाऊबाई कुठायत हो?" तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलंच.

लाँड्री हॉस्पिटलच्या तळघरात. एका दारानं मळक्या चादरींच्या ट्रॉल्या आत यायच्या आणि चादरी रोलरमधून पापडासारख्या कडक होऊन दुसऱ्या दारानं वर वॉर्डात जायच्या. मधे नुसती वाफ. तिथला नियम एकच, आणि तो थोरलीच्या हाडात मुरलेला. आधी आलेला गठ्ठा आधी धुवायचा. मागून आलेला कितीही लहान असो, कुणा बड्या साहेबाच्या खाटेवरचा असो, तो थांबणार. या नियमापायी तिनं नर्सबाईंशी तोंडं वाजवली होती. जगात सगळीकडे असंच चालतं, असं ती धरून चालली होती.

सासूला साखरेचा आजार. इन्सुलिन ठेवायला घरात फ्रिज नाही, म्हणून ते शेजारणीच्या फ्रिजमध्ये. शेजारीण मनानं चांगली, पण एकदा कुलूप लावून परगावी गेली आणि म्हातारीचं औषध दाराआड अडकलं. दुसऱ्या दिवशी म्हातारीला उचलून हॉस्पिटलात न्यावं लागलं. थोरलीचा नवरा ट्रकवर, महिना महिना घराबाहेर. मग तिनंच पदर खोचला. घरसामानाच्या मोठ्या दुकानात गेली. तिथल्या टाय लावलेल्या पोरगेल्या माणसानं तिला दुकानाचं कार्ड काढून दिलं आणि फ्रिजही दिला. म्हणाला, "वर्षाच्या आत फेडा मॅडम, एक पैसा व्याज नाही."

फ्रिज घरी आला आणि थोरलीचे पाय जमिनीला टेकेनात.

"व्याज नाही म्हणजे नाही," तिनं धाकटीला ऐकवलं. "डोकं लागतं त्याला."

"लागतं ना," धाकटी म्हणाली. "म्हणून तर मी विचारलं नाही, तुम्हाला कसं दिलं ते."

धाकटी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. जिभेला धार, पण व्यवहाराला चोख. तिला आणि तिच्या नवऱ्याला वेगळी खोली घ्यायची होती. त्या खोलीसाठी एकेक वस्तू जमायला लागली. "ताई, कार्ड द्या ना जरा, पगाराला देते." कधी गादी, कधी बादल्या, कधी भिंतीवरचं कपाट. पगाराला ती न मागता पैसे आणून द्यायची. थोरली त्यात आपले घालायची आणि दुकानाच्या खिडकीवर भरून यायची. कुणी कुणाचं बुडवलं नाही. थोरलीच्या हिशोबात फ्रिज आधी आलेला, म्हणजे पैसे आधी फ्रिजलाच जाणार. गादी, बादल्या मागून.

वर्ष सरत आलं तसा फोनवर मेसेज आला. थोरलीचा चष्मा वाफेनं धुरकटलेला, म्हणून तिनं फोन शेजारच्या टेबलावरच्या घडीवाल्याला दिला. घडीवाला म्हणजे चादरींच्या घड्या घालणारा म्हातारा. त्यानं फोन लांब धरून वाचला.

"यात दोन ओळी आहेत गं. एक फ्रिजची, एक बाकीच्याची. बाकीची जवळजवळ फिटली बघ."

"आणि फ्रिजची?"

"ती आहे तिथंच बसलीय. थोडी हललीय म्हणायची."

"नीट वाच."

त्यानं नीट वाचलं. महिनाअखेरपर्यंत फ्रिज पुरता फिटला नाही तर पहिल्या दिवसापासूनचं व्याज लागू होईल, असं खाली लिहिलं होतं.

रोलरवरची चादर आडवी जायला लागली, ती थोरलीला दिसली, पण हात उचलेना. घडीवाल्यानं पुढं होऊन बटण दाबलं.

"दुकानाचं कार्ड म्हणजे सासर," तो म्हणाला. "आत जाताना वाजतगाजत, बाहेर यायला वाट नाही." एरवी ती हसली असती. आज तिनं फोन नुसता एप्रनच्या खिशात टाकला.

जेवणाच्या सुट्टीत ती अंगावरच्या एप्रनसकट दुकानात गेली. टायवाल्यानं स्क्रीन बघितला.

"बरोबर आहे मॅडम. तुम्ही सांगितलं नाहीत तर पैसे बाकीच्या खरेदीला आधी जातात. त्यावर व्याज चालू असतं ना."

"पण फ्रिज आधी घेतला होता."

"हो."

"मग आधीचं आधी नको का?"

"तसं नसतं मॅडम."

तो उद्धट नव्हता. उद्धट असता तर तिला भांडता आलं असतं.

"आणि समजा थोडे राहिले? अगदी थोडे?"

"एक पैसा राहिला तरी अख्ख्या वर्षाचं व्याज बसतं. अख्ख्या फ्रिजवर."

"फ्रिज उचलून नेतात का हो?"

तो काहीतरी बोलला, पण तिच्या कानात नुसतं घूं होत होतं. येताना तिनं रस्ता ओलांडला तो न बघताच. रिक्षावाल्यानं शिवी दिली, तीही तिला उशिरा कळली.

घरी म्हातारी फ्रिजसमोर खुर्ची टाकून बसली होती. हल्ली ती तिथंच बसायची. दार उघडून औषधाची बाटली जागेवर आहे का बघायची आणि पुन्हा लावायची.

"थोरले, तुझ्या राज्यात मी वाचले बघ," म्हातारी म्हणाली.

थोरली मनात हिशोब मांडत बसली. वर्षाचं व्याज म्हणजे तिच्या पगारातून मग दुसरं काही उरणार नव्हतं. ते थकलं की माणसं येणार. ती दारात उभी राहणार, म्हातारी खुर्चीवरून बघणार, आणि बाटली ओट्यावर काढून ठेवावी लागणार. फ्रिजला मधूनच घरघर सुटायची, तरी ती दचकायची. रस्त्यावरून नवऱ्याचा फोन आला. "सगळं बरंय," ती म्हणाली आणि आपलाच आवाज तिला परका वाटला.

एवढे पैसे तिला माहीत असलेल्या एकाच ठिकाणी होते. धाकटीच्या खोलीच्या डिपॉझिटात. तेही पुढच्या आठवड्यात मालकाला द्यायचे ठरलेले.

धाकटी पाटा घासत होती. थोरली तिच्या मागं जाऊन उभी राहिली. बराच वेळ.

"काय हो, भुतासारख्या? कुणी मेलं का?"

थोरलीनं सांगितलं. धाकटीचा हात थांबला.

"म्हणजे माझ्या बादल्या फिटल्या," धाकटी सावकाश म्हणाली, "आणि आईंचा फ्रिज तसाच?"

"तुझी काही चूक नाही गं."

"ते मला माहितीय. चूक तुमच्या डोक्याची. लागतं म्हणत होतात ना डोकं."

अजून चार टोमणे मारले असते तरी थोरलीनं आनंदानं खाल्ले असते. धाकटीनं मात्र पाटा भिंतीला टेकवला आणि पदराला हात पुसत आतल्या खोलीत गेली. दार लोटून नवऱ्याशी बोलत राहिली. आतून धाकट्या दिराचा आवाज चढला, मग उतरला. बाहेर थोरली भिंत धरून उभी. दार पुन्हा उघडलं तेव्हा धाकटीचे डोळे लाल होते.

"खोली गेली समजा," ती म्हणाली. "आता अजून वर्षभर माझं तोंड बघा. चला, निघा. खिडकी बंद होईल."

दुकानात धाकटीच पुढं झाली. पैसे ठेवायच्या आधी तिनं टायवाल्याला स्क्रीन वळवायला लावला.

"फ्रिजच्या ओळीवर बोट ठेवा. हां. इथं. दुसरीकडे गेले तर मी इथंच राहायला येईन, सोफे चांगले आहेत तुमचे."

टायवाल्यानं मुकाट्यानं बोट ठेवलं. पावती मिळाली. "दोन-तीन दिवसांत दिसेल," तो म्हणाला. ते दोन-तीन दिवस थोरलीनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. एकदा तिनं चादरी न धुताच रोलरवर घातल्या. तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं. घडीवाल्यानं कुणाला न सांगता त्या धुवायला टाकल्या.

मग एका सकाळी फोनवर फ्रिजची ओळच दिसेना. शून्य नाही, काही नाही. नुसती गायब. थोरलीच्या मनानं घेतलं, पैसे हरवले. पैसे दुसऱ्याच कुणाच्या नावावर गेले. ती धाकटीला घेऊन पुन्हा खिडकीवर.

"फिटली म्हणून काढली मॅडम," टायवाला हसत म्हणाला. "उलट अभिनंदन. तुम्ही वेळेत फेडलंत म्हणून कार्डाची मर्यादा वाढलीय. दुप्पट झालीय. आता वॉशिंग मशीनसुद्धा बसेल."

थोरलीनं खिडकीची कड घट्ट धरली. धाकटीनं तिच्या कोपराला धरलं.

"कमी करा," थोरली म्हणाली.

"काय मॅडम?"

"मर्यादा. कमी करा."

"कमी? तसं कुणी मागत नाही मॅडम. वाढवून मागतात."

"मी मागतेय. इतकी कमी करा की त्यात चपलेचा जोडसुद्धा येऊ नये."

"एक चप्पल आली तर चालेल," धाकटी म्हणाली. "उजवी."

टायवाला हसला, पण थोरली हसली नाही. मागं रांग वाढत होती, कुणीतरी घसा खाकरला. त्याला आतल्या साहेबाला विचारून यावं लागलं, मग कुठलंसं पान उघडून बोटं चालवावी लागली. तो आकडा बदलेपर्यंत थोरली कड सोडायला तयार नव्हती, आणि बदलल्यावरही तिनं तो धाकटीला मोठ्यानं वाचायला लावला.